गावात व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली का बिघडते, आणि नवं संशोधन त्यावर काय सांगतं

प्रश्न असा आहे: एम.ए. मानसशास्त्राच्या लघुशोधप्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांत १५० कापूस-सोयाबीन शेतकऱ्यांकडून ‘बिग फाइव्ह’ची, म्हणजे स्वभावाचे पाच मोठे गुण (बहिर्मुखता, सहमतता, कर्तव्यनिष्ठा, भावनिक अस्थैर्य, खुलेपणा) मोजणारी ४४ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करून भरून घेतली. बहिर्मुखतेच्या ८ प्रश्नांचा अल्फा (एका गुणाचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.४१ आला, बाकीच्या गुणांचीही तीच गत. मार्गदर्शक म्हणतात नमुना वाढवा. चूक कुठे झाली, आणि या विषयात सध्या नवीन काय चाललं आहे?

नमुना वाढवल्यानं हा आकडा वर येणार नाही. अल्फा दोनच गोष्टींवर ठरतो: प्रश्न किती आहेत आणि त्यांचा एकमेकांशी सरासरी सहसंबंध (एकाचं उत्तर चढलं की दुसऱ्याचंही किती चढतं ते) किती आहे. ८ प्रश्न आणि सरासरी सहसंबंध ०.०८ असेल तर अल्फा ०.४१ येतो. हाच सहसंबंध ०.२५ असता तर तो ०.७३ आला असता. म्हणजे तुमच्या उत्तरदात्यांच्या लेखी ते ८ प्रश्न एका गोष्टीबद्दल नाहीतच. आणखी ३०० जणांना विचारलं तरी तो ०.०८ फक्त जास्त खात्रीनं ०.०८ ठरेल.

पहिली तपासणी अगदी साधी आहे, अर्ध्या तासाची. त्या ४४ प्रश्नांपैकी १६ उलटे आहेत, म्हणजे गुणाच्या विरुद्ध बाजूनं विचारलेले. १ ते ५ च्या मापनात उलट्या प्रश्नाचं उत्तर ६ मधून वजा करावं लागतं: ५ चा १, ४ चा २. एखादा उलटा प्रश्न तसाच राहिला किंवा चुकून दोनदा उलटला, तर त्याचा बाकीच्यांशी ऋण सहसंबंध दिसतो. प्रत्येक प्रश्नाचा ‘उरलेल्या बेरजेशी सहसंबंध’ काढा, म्हणजे त्याच गुणाच्या बाकीच्या प्रश्नांच्या बेरजेशी. एकदोन प्रश्नच −०.३० च्या आसपास असतील तर कोडिंगची चूक आहे, दुरुस्त करा आणि पुढे जा. सगळेच उलटे प्रश्न शून्याच्या आसपास किंवा ऋण असतील, तर गोष्ट कोडिंगपेक्षा खोल आहे.

ती गोष्ट म्हणजे होकाराचा कल. दारात आलेल्या शिकलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. “तुम्ही बोलके आहात?” “हो.” “तुम्ही गप्प राहणारे आहात?” “हो, तसंही आहे.” पहिल्याला ५, दुसऱ्याला ४. दुसरं उलटवलं की २ होतात, आणि एकाच माणसाचे दोन प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. दीडशेतले साठ जण असे असले की अल्फा कोसळणारच.

हे मोजता येतं. अर्थानं एकमेकांविरुद्ध असलेल्या प्रश्नांच्या ८ ते १० जोड्या निवडा. प्रत्येक माणसाच्या या जोड्यांतल्या मूळ, न उलटवलेल्या उत्तरांची सरासरी काढा. ती ३ च्या जवळ यायला हवी. वरच्या उदाहरणात ती ४.५ आहे, म्हणजे कल +१.५. हा कल त्या माणसाच्या प्रत्येक मूळ उत्तरातून वजा करा, मग उलटे प्रश्न उलटवा आणि अल्फा पुन्हा काढा. आकडा बराच सुधारला तर रोग मुख्यतः होकाराचा होता. फारसा हलला नाही तर प्रश्नच समजले नाहीत, आणि त्यावर हिशेबात इलाज नाही, पुन्हा गावात जावं लागतं.

तुमच्या अडचणीत तुम्ही एकटे नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं व्यक्तिमत्त्व मानसशास्त्राचं सगळ्यात महत्त्वाचं काम याच जागेवर झालं आहे, असं माझं मत आहे. २०१० साली हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजांतल्या लोकांवर उभे आहेत. २०१३ साली गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या त्सिमाने या शिकार आणि शेती करणाऱ्या समाजात ६३२ प्रौढांना तुम्ही वापरलीत तीच ४४ प्रश्नांची प्रश्नावली त्यांच्या भाषेत विचारली. पाच घटक, म्हणजे उत्तरांतून आपोआप वेगळे पडणारे प्रश्नांचे पाच गट, निघाले नाहीत. नवरा-बायकोंना एकमेकांबद्दल विचारून पाहिलं, तरीही नाहीत. त्याऐवजी दोन घटक पुढे आले: लोकांशी जुळवून घेण्याचा आणि कष्टाळूपणाचा. २०१९ साली लाझाज आणि सहकाऱ्यांनी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतल्या, समोरासमोर मुलाखत घेतलेल्या ९४,७५१ लोकांची माहिती तपासली. प्रश्न ज्या गुणासाठी लिहिले होते तो गुण त्यातून नीट मोजलाच जात नव्हता. पण त्याच देशांतल्या ज्या लोकांनी इंटरनेटवर स्वतःहून प्रश्नावली भरली होती, त्यांच्यात पाच घटक बऱ्यापैकी दिसत होते. म्हणजे दोष ‘त्या देशाच्या स्वभावात’ नाही. कोण विचारतो, कसा विचारतो आणि समोरच्याला अशा प्रश्नांची किती सवय आहे, यावर सगळं फिरतं.

आता मराठीकरण. इंग्रजी प्रश्नाचं शब्दशः भाषांतर आणि मग उलट भाषांतर (मराठीवरून परत इंग्रजीत) ही पद्धत पुस्तकात ठीक दिसते, गावात ती तीन जागी अडते.

एक, शब्द. ‘कल्पक’, ‘शिस्तप्रिय’ हे शाळेतले शब्द आहेत. शिस्तप्रिय म्हटलं की मास्तर किंवा मिलिटरी डोळ्यांपुढे येते. ‘गरीब स्वभावाचा’ म्हणजे मवाळ, पण नुसतं ‘गरीब’ ऐकलं की माणूस पिवळ्या रेशनकार्डाबद्दल बोलू लागतो. ‘साधा’ म्हणजे सरळही आणि कोणीही फसवावं असाही. बायकांच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. पुरुषाला ‘मोकळ्या स्वभावाचा’ म्हटलं तर ते कौतुक, बाईला ‘लय मोकळी’ म्हटलं तर गावात त्याचा अर्थ वेगळा होतो. बाई हा प्रश्न नाकारते आणि आपण लिहितो की ग्रामीण स्त्रिया अंतर्मुख असतात. इथे मोजली गेली ती गावाची मर्यादा, बाईचा स्वभाव नव्हे.

दोन, नकार. ‘मी सहसा चिडत नाही’ या वाक्यावर ‘असहमत’ म्हणणं म्हणजे दोन नकार डोक्यात सांभाळणं. तोंडी मुलाखतीत ते जमत नाही. उलटे प्रश्न हवेतच, नाहीतर होकाराचा कल मोजता येणार नाही, पण ते नकाराशिवाय लिहा. ‘मी चिडत नाही’ ऐवजी ‘कोणी काही बोललं तरी मी शांत राहतो’.

तीन, परिस्थिती. हा सगळ्यात मोठा सापळा आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ‘नवीन बियाणं लावून पाहतो’ हा प्रश्न खुलेपणासाठी लिहिला तर तो प्रत्यक्षात विहीर आणि एकर मोजतो. ‘काम ठरल्या वेळी पूर्ण करतो’ हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याला विचारला तर उत्तर पाऊस आणि मजूर मिळण्यावर जातं. सालगड्याचं वेळापत्रक मालक ठरवतो, त्याच्या कर्तव्यनिष्ठेशी त्याचा संबंध थोडाच. कसोटी अशी लावा: हे वर्तन भूमिहीन मजूर बाईलाही विनाखर्च करता येईल का? नसेल तर प्रश्न बाद. ‘कलेत रुची’ विचारलं तर खंजिरीवर भजन म्हणणारा आणि झाडीपट्टीत दंडारीत नाचणारा माणूसही ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी कला म्हणजे काहीतरी शहरातलं. त्याला भजन, दंडार, रांगोळी, गाणी अशी नावं घेऊनच विचारा.

प्रश्न बोलीत लिहा. पश्चिम विदर्भासाठी “चार लोकं बसून असले त मी सोता होऊन बोलाले लागतो”, “मले राग लौकर येते”, “हातात घेतलेलं काम मी पुरं करूनच उठतो” अशी वाक्यं. हेच वाक्य भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत वेगळं होईल. कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) किंवा मेळघाटात कोरकू कुटुंबांत मराठी प्रश्नावली घेऊन जाऊ नका. तिथे त्या भाषेत वेगळं काम लागतं, आणि ते नसेल तर ती गावं नमुन्यातून वगळल्याचं प्रबंधात सरळ लिहा. प्रश्नांच्या हक्काचंही पाहा. ‘निओ’सारख्या चाचण्या विकत घ्याव्या लागतात. ‘आयपिप’ हा प्रश्नांचा साठा मात्र सर्वांसाठी खुला आहे, त्यातले प्रश्न बदलून वापरता येतात. मूळ साचाच हवा असेल तर जुन्या ४४ प्रश्नांपेक्षा सोटो आणि जॉन यांची २०१७ ची ६० प्रश्नांची सुधारित आवृत्ती बरी, कारण तिच्यात सुलटे आणि उलटे प्रश्न सारखे आहेत आणि प्रत्येक गुणाचे तीन उपगुण वेगळे मोजता येतात. १० प्रश्नांच्या अतिलघु आवृत्त्यांच्या वाटेला गावात जाऊ नका. एका गुणाला दोनच प्रश्न, त्यातला एक उलटा. होकाराचा कल त्याला पार खाऊन टाकतो.

प्रश्न तयार झाले की १५ ते २० जणांशी सावकाश बसा. वाक्य वाचा, उत्तर घ्या, आणि विचारा: “हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? मागच्या आठवड्यातलं एखादं उदाहरण सांगा.” पाचपैकी दोघांचं उदाहरण भलत्याच गोष्टीचं निघालं तर वाक्य बदला. या टप्प्यात साधारण तिसरा हिस्सा प्रश्न गळतात किंवा नव्यानं लिहावे लागतात असं धरून चाला. त्यानंतर १०० जणांवर चाचपणी, आणि मग ३०० ते ४०० जणांवर मुख्य पाहणी. त्यातल्या ४० ते ६० जणांना दोन-तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. हा पुनर्मापनाचा सहसंबंध ०.७० च्या आसपास आला आणि अल्फा ०.५५ असला, तरी ते मापन वापरण्यालायक असू शकतं. अल्फा ०.८० आणि पुनर्मापन ०.३५ असेल तर मात्र लोकांनी एका बैठकीत एकाच सुरात उत्तरं दिली, बाकी काही नाही. बहुतेक प्रबंधांत अल्फाच छापलेला असतो, पुनर्मापन नसतं. माझ्या मते प्राधान्य उलटं हवं.

उत्तर घेण्याची पद्धत दोन पायऱ्यांत मोडा. आधी “हे तुम्हाले लागू होते का नाही?” मग “थोडं का लय?” याचे आपोआप चार टप्पे होतात, आणि ‘कधी असं कधी तसं’ हे मधलं उत्तर माणूस स्वतःहून म्हणाला तरच नोंदवा. ‘पूर्णतः सहमत’ वगैरे पाच पर्याय वाचून दाखवले तर शेवटचा ऐकलेला पर्याय निवडला जातो. सुरुवातीला तीन सरावाचे प्रश्न ठेवा, ज्यांतल्या एकाचं खरं उत्तर नक्की ‘नाही’ असेल. त्या माणसाला एकदा मोकळेपणानं ‘नाही’ म्हणू द्या, पुढचं काम सोपं होतं.

मुलाखतकारांमुळे पडणारा फरक मोठा असतो. दोघे असतील तर एकानं दोन गावं आणि दुसऱ्यानं दोन गावं असं वाटू नका, नाहीतर गावाचा फरक आणि माणसाचा फरक वेगळा करता येत नाही. प्रत्येक गावात दोघांनी निम्मी-निम्मी घरं घ्यावीत. वाक्य समजलं नाही तर काय सांगायचं तेही आधी लिहून ठेवा, जागेवर आपल्या शब्दांत समजावू नका. बायकांची मुलाखत बाईनंच घ्यावी, आणि सासू किंवा नवरा जवळ बसलेला होता का याची नोंद प्रत्येक अर्जावर करावी. तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायकाला सोबत नेऊ नका. पाहणी म्हटली की पंचनामा, कर्जमाफी, अनुदान हे मनात येतंच, आणि मग प्रत्येक जण जास्तीत जास्त काळजीत असलेला किंवा जास्तीत जास्त कष्टाळू दिसू लागतो. पहिल्याच वाक्यात सांगा: ही यादी कुठल्याही योजनेची नाही, आधार किंवा पासबुक लागणार नाही, यातून काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही.

तारीख सांभाळा. जुलैत पावसाचा खंड पडलेला असताना ‘मला काळजी लागून राहते’ याला अख्खं गाव ५ देईल. मणी, मुल्लैनाथन, शफीर आणि झाव यांनी २०१३ साली तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बौद्धिक कामगिरी कापणीच्या आधी आणि नंतर मोजली. तीच माणसं, पण पैसा हाती येण्याआधी कामगिरी खाली होती. मग स्वभावाच्या प्रश्नांवर हंगामाचा परिणाम होत नसेल असं धरून कसं चालेल? सगळ्या मुलाखती एकाच कालखंडात उरका. होळी ते अक्षय्य तृतीया हा काळ बरा, कापूस विकून झालेला असतो. सकाळी दहाच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर जा. दुसरं वर्ष हाताशी असेल तर तीच ६० माणसं जुलैत आणि मार्चमध्ये, अशी दोनदा मोजा. असा आराखडा विदर्भातल्या कोरडवाहू शेतीत सहज बसतो, आणि सध्याच्या संशोधनाच्या मुख्य प्रवाहातच आहे.

तो प्रवाह असा: गुण ही माणसाला चिकटलेली पाटी नाही. फ्लीसन यांनी २००१ पासून दाखवलं की एकच माणूस दिवसभरात बहिर्मुखतेच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्यांवर फिरतो, पण त्याची आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्यात फारशी हलत नाही. म्हणून आता एकदा विचारण्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा मोबाईलवर विचारतात. गावात हे जसंच्या तसं चालत नाही. फोन घरात एक, तो मुलाकडे, रेंज शेतात नाही. त्यापेक्षा रोज संध्याकाळी एक फोन, सहा प्रश्न, १४ दिवस, असं करा. दहा दिवसांची उत्तरं मिळाली तरी काम होतं. प्रश्न ‘आज’बद्दलच ठेवा: “आज कोणावर चिडले का?” ‘साधारणपणे’ हा शब्द टाळला की उत्तरं एकदम नेमकी होतात.

दुसरी दिशा भाषेची. पाच घटक मुळात शब्दकोशातून आले. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी कोशातून १७,९५३ शब्द वेचले होते. वेगवेगळ्या भाषांत हेच करताना अ‍ॅश्टन आणि ली यांना सहावा घटक दिसला, प्रामाणिकपणा-नम्रता, आणि त्यातून ‘हेक्साको’ हे प्रारूप आलं. हिंदीतल्या गुणवाचक शब्दांवर २०१३ साली झालेल्या अभ्यासात सत्त्व, रज, तम यांच्याशी जुळणारी तीन घटकांची मांडणी पुढे आली. मराठीत मोल्सवर्थचा कोश आहे, दाते-कर्व्यांचा शब्दकोश आहे, आणि वऱ्हाडी-झाडीबोलीत खमक्या, घुम्या, सोशिक, हेकट, खटपट्या, लाघवी असे शेकडो शब्द रोजच्या तोंडात आहेत. ३० ज्येष्ठ माणसांना “गावातला एखादा माणूस कसा आहे ते नाव न घेता सांगा” म्हणून शब्द गोळा केले आणि नेहमीचे १०० निवडून ४०० जणांना विचारले, तर पीएच.डी.ला पुरेल एवढं काम होईल. तुमच्या प्रबंधापेक्षाही या कामाची मला जास्त ओढ वाटते.

मोटस यांच्यासारखे संशोधक पाच मोठ्या गुणांखालच्या बारीक छटांकडे, थेट एकेका प्रश्नाकडे, वळले आहेत. अंदाज बांधायला त्या बेरजेपेक्षा बऱ्या ठरतात. जनुकांच्या बाजूला २०१८ च्या एका अभ्यासात ४,४९,४८४ लोकांतून भावनिक अस्थैर्याशी जोडलेल्या जनुकसंचातल्या १३६ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अतिशय लहान. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे काढून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी आणि सोबत गुणविशेष, अशी मांडणी आहे. तुमच्या विषयाला यातलं फारसं लागत नाही, तोंडी परीक्षेत लागेल.

बदलाबद्दलचं संशोधन मात्र कॉलेजांनी मनावर घ्यावं. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचारांनी गुण बदलतात, सगळ्यात जास्त भावनिक स्थैर्य. पण हे उपचार सरासरी २४ आठवड्यांचे होते. हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली लोकांना दर आठवड्याला छोटी आव्हानं दिली. ज्यांनी ती प्रत्यक्ष केली ते बदलले, नुसती स्वीकारून न करणारे बदलले नाहीत. टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवरच्या २०१७ च्या प्रयोगात स्वतःहून पुढाकार घेण्याचं मानसशास्त्रीय प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा ३० टक्के वाढला, नेहमीच्या हिशेब-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणानं ११ टक्के, आणि ती वाढ सांख्यिकीदृष्ट्या खात्रीची नव्हती. तालुक्याच्या कॉलेजात होणारं एक दिवसाचं ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ या पुराव्यात बसत नाही. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात सुरुवात करून पुढे १५ आठवडे दर आठवड्याला एक ठरलेली कृती आणि तिची नोंद ठेवली, तर काहीतरी मोजता येईल.

एका ठिकाणी मात्र मनापासून थांबवतो. विदर्भातला प्रबंध म्हटला की ‘शेतकरी आत्महत्या आणि व्यक्तिमत्त्व’ असं शीर्षक सुचतं. ते घेऊ नका. सोटो यांनी २०१९ साली गुण आणि आयुष्यातले परिणाम यांचे ७८ संबंध पुन्हा तपासले. ८७ टक्के टिकले, पण मूळ आकाराच्या सुमारे तीन चतुर्थांश ताकदीनं. हे संबंध खरे आहेत, पण माफक. सहसंबंध ०.२० असेल तर त्यातून ४ टक्के फरकाचा उलगडा होतो. १५० जिवंत माणसांच्या एकवेळच्या पाहणीतून दुर्मीळ घटनेचं कारण स्वभावात शोधलं तर कर्ज, नापिकी आणि भाव यांचा भार घरातल्या गेलेल्या माणसाच्या माथी जातो. ज्यानं प्रत्यक्ष फरक पडला ते काम वेगळं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातूनच माणसं तयार करून सेवा पोचवली, तेव्हा दीड वर्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मुलाखतीत कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर प्रश्नावली बाजूला ठेवा, ऐका, एकटं सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला आणि आशाताईंना त्याच दिवशी जोडून द्या, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिथेच लावून द्या. गाव लहान असतं, म्हणून प्रबंधात ‘४५ वर्षे, दोन एकर, कोतवाल’ असं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. वय दहा-दहा वर्षांच्या गटात आणि गावाचं नाव न देता तालुकाच द्या.

आता हातातल्या १५० अर्जांचं. फेकू नका. कोडिंग तपासा, होकाराचा कल काढा, सुधारणेआधीचे आणि नंतरचे दोन्ही अल्फा एका तक्त्यात छापा. ‘आर’ या संगणकावरच्या सांख्यिकी प्रणालीतल्या ‘सायक’ पॅकेजमध्ये हे सगळं फुकट होतं, ‘जमोवी’तही बरंचसं. मुलाखतकारानुसार अर्ज वेगळे करून अल्फा पुन्हा पाहा, एकाचा ०.६० आणि दुसऱ्याचा ०.२५ निघाला तर निम्मा उलगडा तिथेच झाला. मग त्याच चार गावांतल्या ४० जणांकडे बोलीतले २० नवे प्रश्न घेऊन जा, तीन आठवड्यांनी पुन्हा जा, आणि प्रबंधाचं शीर्षक बदलून ‘प्रश्नावलीची ग्रामीण विदर्भातील विश्वसनीयता’ असं करा. मार्गदर्शकांना ०.०८ आणि ०.२५ चा तो हिशेब कागदावर मांडून दाखवा, नमुना वाढवण्याचा आग्रह राहणार नाही.